कलमाची पट्टी

विद्याधर चुरीच्या हाताला यश होतं. नालासोपाऱ्याहून कळंबच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्याची वाडी. पुढं सोनचाफा, मागं केळी, विहिरीच्या कडेनं पानवेल. त्यानं बांधलेलं चाफ्याचं कलम सहसा दगावायचं नाही. लोक लांबून रोपं न्यायला यायचे आणि रोप हातात पडायच्या आधी त्यांना एक व्याख्यान ऐकावं लागायचं. पट्टीचं व्याख्यान. खुंटावर काडी बसवली, वरून प्लास्टिकची पट्टी आवळली, म्हणजे काम संपलं असं समजू नका. सांधा जुळला की पट्टी सोडायची. विसरलात तर खोड फुगतं, पट्टी आत काचते, वरून झाड हिरवंगार दिसतं आणि एक दिवस वाऱ्यात नेमकं तिथंच मोडतं. चुऱ्यांच्या घरात तर रिवाजच होता, ज्यानं पट्टी बांधली त्यानंच ती सोडायची. किती आवळली ते त्यालाच ठाऊक असतं ना! आणि त्या निमित्तानं माणूस आपलंच काम परत एकदा बघायला येतो.

त्याची बायको सरला हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. "आटपा की आता कीर्तन," ती आतून म्हणायची, "गिऱ्हाईक उन्हात उभं आहे."

असा हा माणूस उरलेला अर्धा दिवस कंप्युटरपुढं बसायचा, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. नव्वदच्या दशकात तो मुंबईत फोर्टातल्या एका कंपनीच्या कंप्युटर विभागात होता. पुढं कंपनीनं माणसं कमी केली, विद्याधर वाडीत परत आला. येताना डोक्यात तेवढं एक वेड घेऊन आला. फुकट आणि उघड्या सॉफ्टवेअरचं वेड.

आता हे काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. जगभरची माणसं मिळून एक ऑफिसचं सॉफ्टवेअर लिहीत होती. पत्र लिहा, तक्ते करा, पुस्तक जुळवा, सगळं त्यात. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. पण ते यायचं कच्च्या रूपात. तांदूळ आहे म्हणून भात झाला असं नसतं. ते उतरवून घ्यायचं, आपल्याकडच्या यंत्रांवर चालेल असं करायचं, बांधायचं आणि लोकांच्या हातात द्यायचं, हे काम करणारी मंडळी वेगळी. अशा मंडळींच्या एका गटाचं नाव होतं 'अंगण'. पुण्या-नागपूरची, बंगळूरची चार डोकी, आणि नालासोपाऱ्याचा विद्याधर. त्यांची सीडी शाळांतून, वाचनालयांतून चालायची. त्यातलं ऑफिस सांभाळणं हे विद्याधरचं खातं. पगार नाही, भत्ता नाही. सरला म्हणायची, देवळाच्या पुजाऱ्याला निदान नारळ तरी मिळतो.

मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे एखादी दुरुस्ती पाठवली की महिनोन्महिने उत्तर यायचं नाही. मग ते लोकांपर्यंत पोचवणाऱ्या वितरणवाल्यांनी काय केलं? आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, एका ठिकाणी जमा केल्या. तो ढीग एवढा वाढला की त्याचीच एक वेगळी फांदी, म्हणजे मुळाहून वेगळी आवृत्ती झाली. पडद्यावर नाव मूळचंच, आत माल या फांदीचा. 'अंगण'ही तीच फांदी घ्यायचं आणि वर आपले चार पॅच लावायचं. नवी आवृत्ती आली की विद्याधर एकेक पॅच ओळीनं लावून बघायचा. बसला नाही तर घासूनपुसून बसवायचा. आणि एखादी दुरुस्ती मुळातच झाली असेल, तर तो पॅच काढून टाकायचा. यात त्याला दयामाया नव्हती. कुणाचाही पॅच असो, काम संपलं की बाहेर.

त्या चार पॅचमध्ये एक त्याचा स्वतःचा होता. एकच. आणि तो त्यानं केला होता मनोरमाताईसाठी.

मनोरमाताई त्याची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला वाढवलं. लग्न होऊन ती आचोळ्याला राहायला गेली, शाळेत शिकवलं, निवृत्त झाली, नवरा गेला, पण एक नाद सुटला नाही. वाडीवाडीतून फिरून बायकांकडून वाडवळीतली, म्हणजे इकडच्या वाडवळ लोकांच्या बोलीतली, लग्नाची गाणी ऐकायची आणि उतरवून घ्यायची. त्यातली निम्मी एकट्या भागूबाईची. भागूबाई म्हणजे गाण्यांची खाणच, पण स्वभावानं खाष्ट. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. भागूबाई गेली तेव्हा ताई म्हणाली, आता ही गाणी माझ्यापाशी ठेव आहेत, ती छापून मोकळं व्हायचंय. विद्याधरनं तिला कंप्युटर दिला, टाइप करायला शिकवलं. ताई पहिलं गाणं टाइप करून म्हणाली, "विदू, हे यंत्र डोकी उडवतं रे."

खरंच उडवत होतं. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा, रफार. सॉफ्टवेअरला वाटायचं ओळ खालीच संपली. वरचं सगळं छाटलं जायचं. विद्याधरनं वर्षभर त्या कोडमध्ये डोकं घातलं. ज्याला आयुष्यात असलं कोड लिहायची वेळ आली नव्हती असा माणूस, चाफ्याला पाणी घालायचं विसरून बसायचा. शेवटी जमलं. ओळ थोडी खाली सरकवायची, की डोकी वाचतात. पॅचच्या सुरुवातीला तो कशासाठी आहे ते लिहायचं असतं. बाकीचे इंग्रजीत लिहीत. विद्याधरनं लिहिलं, 'ताईच्या वेलांट्या वाचाव्यात म्हणून.' त्या दिवशी त्याला एवढा आनंद झाला की तो नुसताच वाडीत फेऱ्या मारत राहिला.

मग ताईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. आता एकच गोष्ट राहिली होती. ताईला दिसतंय तोवर तिचं पुस्तक तिच्या हातात पडायला हवं होतं. ती टाइप करत राहिली. विचारलं की म्हणायची, "दिसतंय रे, नंबर वाढलाय एवढंच."

दोन हजार आठ साली ऑफिसची नवी आवृत्ती आली. विद्याधरनं पॅच लावायला घेतले. दोन जुने निघाले, एकाला घासावं लागलं. स्वतःचा मात्र बिनबोभाट बसला. एक अक्षर कुरकुरलं नाही. त्याला कोण अभिमान! सरलाला बोलावून दाखवलं. तो पॅच अजून लागतो का, हे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या पोरांचा अभ्यास घेणारा मास्तर आपल्या पोराला पास समजूनच चालतो, त्यातला प्रकार. सीडी तयार झाली. पहिली बसवली ताईकडे. त्यावरूनच पुस्तकाची पानं निघाली आणि स्टेशनजवळच्या सुधाकरच्या छापखान्यात गेली.

पुढच्या आठवड्यात रेजिनाचा फोन आला. रेजिना गास गावाच्या बाजूला एका चर्चच्या ऑफिसात होती, तिथंही 'अंगण'च चालायचं.

"विद्याधरभाऊ, तुमच्या नव्या सीडीनं घोटाळा केलाय. रविवारच्या पत्रकात सगळे उकार गायब! येशूचा येश झालाय. फादर मला काय म्हणतील?"

"तुझा प्रिंटर बघ आधी."

"प्रिंटर बघितला, फॉन्ट बघितला. जुनी सीडी लावली की येशू परत येतो. आता बोला."

विद्याधरनं मूळवाल्यांना शिव्या घातल्या. नवी आवृत्ती काढताना लोक बघत नाहीत, आपल्या लिपीची यांना पर्वा नाही, असं बरंच काही त्यानं 'अंगण'च्या मंडळींना मेल करून कळवलं. 'अंगण'चं सगळं एकत्र बांधणारा हर्षवर्धन, पुण्याचा तिशीतला पोरगा, त्यानं एका ओळीत उत्तर दिलं. काका, रागावू नका, तुमचा पॅच काढून एकदा बघता का?

काका रागावले. चांगलेच रागावले. "कालचं पोर मला शिकवतंय!" म्हणून विद्याधरनं मशीन बंद केलं आणि वाडीत जाऊन विनाकारण केळीची पानं तोडत बसला. डोकी वाचवणारा पॅच पाय कसे कापेल? सरला चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "वन्संच्या पुस्तकात नाही ना हो झालं तसं काही?"

विद्याधरच्या हातातला कोयता खाली पडला. चहा तसाच टाकून त्यानं स्कूटर काढली.

सुधाकरच्या टेबलावर पुस्तकाची तपासायची पानं पडली होती. विद्याधरनं पहिलंच उचललं. सुपारीची सपारी, फुलांची फलं, कुंकवाचं नुसतं कंक. पान उलटलं, तेच. सगळ्या पुस्तकाचे पाय कापलेले.

"अरे सुधाकर, तुला दिसलं नाही हे?"

सुधाकर मूळचा सांगलीकडचा. तो गोंधळला. "साहेब, मला वाटलं तुमच्या वाडीच्या बोलीत असंच म्हणत असतील. म्हटलं आपण कशाला शहाणपणा करा? आणि ताईंनी बघून दिलीत की पानं. ही बघा, प्रत्येक पानावर सही आहे. सोमवारी मशीनवर घेतोय."

सही होती. प्रत्येक पानावर, कोपऱ्यात, मनोरमा. काही ठिकाणी ती छापलेल्या ओळींवरच चढलेली होती.

पानं घेऊन तो रुळांच्या पलीकडे आचोळ्याला गेला. ताई खिडकीपाशी बसली होती. ती दोघं आपसात वाडवळीतच बोलायची; इथं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत दिलंय.

"ताई, पानं तपासलीस?"

"तपासली तर! छान लागलीत. तुझं यंत्र आता शहाणं झालं."

"एखादं वाचून दाखव ना."

"आता हे काय रे, परीक्षा घेतोस?" पण ती खूश झाली. त्यानं दिलेलं पान तिनं डोळ्यांजवळ धरलं. पहिली ओळ कशीबशी धरली आणि मग जी सुटली ती थांबलीच नाही. सुपारी, फुलं, कुंकू, एकेक उकार ठसठशीत, भागूबाईच्या चालीत. पानावर त्यातला एकही उकार नव्हता. ओळ संपली तरी तिचे डोळे पानाच्या मधोमध तसेच स्थिर. ती वाचत नव्हती. म्हणत होती.

विद्याधरनं तिला काहीच सांगितलं नाही. "चांगलं झालंय," एवढं म्हणाला आणि जिना उतरून खाली आला. खाली येऊन स्कूटरपाशी उभा राहिला आणि रडला. भाजीवाली विचारत होती, काय झालं भाऊ? ताईला दिसत नाही, आणि ते आपल्याला कळू नये म्हणून ती सह्या करतेय. आपण मात्र पॅच बसला म्हणून बायकोला दाखवत होतो!

घरी येऊन त्यानं मूळ सॉफ्टवेअरचं नवं कोड उघडलं. सकाळपर्यंतचा राग आता उरला नव्हता, त्यामुळं डोळे नीट चालत होते. सापडायला वेळ लागला नाही. त्याची दुरुस्ती ज्या फाइलमध्ये होती तिथं नव्हे, दुसऱ्याच एका फाइलमध्ये, कुणी परदेशी बाईनं भारतातल्या सगळ्या लिप्यांसाठी ओळ खाली सरकवून ठेवली होती. विद्याधरपेक्षा नेटकी. म्हणूनच तर त्याचा पॅच बिनबोभाट बसला होता, त्याच्या जागेला कुणी हातच लावला नव्हता. मुळानं ओळ एकदा खाली नेली, विद्याधरनं पुन्हा एकदा. डोकी वाचली आणि पाय गेले.

"सांधा केव्हाचा जुळलाय," तो सरलाला म्हणाला, "आणि मी पट्टी सोडलीच नाही गं. गावाला व्याख्यानं देतो मी!"

सरलाला एरवी बोलायला एवढी संधी पुरे झाली असती. पण त्याचं तोंड बघून ती फक्त म्हणाली, "मग सोडा."

त्यानं हर्षवर्धनला फोन लावला. आधी माफी मागितली, हे महत्त्वाचं. पलीकडे तो पोरगा अवघडून गेला.

"काका, मला तेव्हाच शंका आली होती. पण त्या पॅचवर तुमच्या ताईंचं लिहिलंय ना, हात लावायचं धाडस झालं नाही. तुम्हाला जड जात असेल तर मी काढू का?"

"नको रे बाबा. मी बांधली, मीच सोडतो."

सोडली. ती एक फाइल पुसायला किती वेळ लागतो? पण पुसायच्या आधी त्यानं वरची ओळ दोनदा वाचली. 'ताईच्या वेलांट्या वाचाव्यात म्हणून.' त्या ढिगात त्याच्या नावाचं दुसरं काही नव्हतं. ती परदेशी बाई कोण, तिला ताई ठाऊक नाही, सोपारा ठाऊक नाही, आणि ताईच्या वेलांट्या इथून पुढं ती सांभाळणार. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

मग ते सगळं ऑफिस परत बांधायचं, म्हणजे सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत मशीन घरघरत बसणार. आणि तेव्हा आमच्याकडे लाइट जायची ती काय विचारून जायची? मध्येच गेली की सगळं पहिल्यापासून. इन्व्हर्टर म्हातारा झालेला. शनिवारी सरलानं घरातले पंखे बंद केले, विहिरीचा पंप लावू दिला नाही, मिक्सरला हात लावला नाही. आंबोळीचं पीठ तिनं पाट्यावर वाटलं, घाम पुसत. "पुजाऱ्याला नारळ, आणि पुजाऱ्याच्या बायकोला पाटा-वरवंटा," एवढं मात्र म्हणाली. दुपारी लाइट गेलीच. इन्व्हर्टर कण्हत राहिला पण टिकला. संध्याकाळी नवं ऑफिस तयार झालं. रेजिनाला फोन गेला, तिचा येशू परत आला. पुस्तकाची पानं पुन्हा निघाली, सुधाकरकडे पोचली. डोकी जागेवर, पाय जागेवर.

विद्याधरनं आणखी एक काम केलं. कोणी सांगितलं नव्हतं. सगळी गाणी त्यानं एकदा मोठ्या अक्षरात लावली. एवढ्या मोठ्या, की एका पानावर चार ओळी मावाव्यात. जाड, काळीभोर. त्याचा हा जाडजूड गठ्ठा घेऊन तो रविवारी आचोळ्याला गेला. बरोबर सरलाही आली, आंबोळ्या घेऊन.

"ताई, आधीची पानं रद्द. चूक माझी होती. तुझ्यासाठी बांधलेली पट्टी मी वेळेवर सोडली नाही, त्यानं सगळे उकार कापले गेले."

सगळे उकार कापले गेले होते, आणि आपण पानापानावर सही केली. ताईला कळायचं ते कळलं.

"तुला कळलं म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

"कळलं. सांगायचं नाही का गं?"

"सांगून काय? तू पुस्तक टाकून डॉक्टरांमागं धावला असतास. मला पुस्तक हवं होतं, विदू."

त्यानं गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पहिलं पान उचललं, खिडकीकडे वळवलं, पुढं धरलं, मागं धरलं, मान जरा तिरकी केली. सरला आंबोळीचा डबा उघडायची थांबली.

मग ताई वाचू लागली. बोट अक्षराखाली ठेवून, पहिलीतल्या पोरासारखी, अडखळत. सु... पा... री. थांबायची, मागं जायची, पुन्हा धरायची. भागूबाईची चाल नाही, लय नाही, काही नाही. जन्मभर जे गाणं तिला तोंडपाठ होतं, ते ती अक्षर अक्षर लावत होती.

तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"विदू, हे काय टाइप केलंय? 'मोगरा'?"

"तूच केलंयस ताई, ते तुझंच आहे."

"मी केलं असेल, पण चुकलंय! इथं शेवंती पाहिजे. भागूबाई शेवंती म्हणायची. मोगरा म्हटला असता तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं." ताईचा आवाज चढला, मास्तरणीचा जुना आवाज. "आणि तू रे विदू, शेजारी बसून बघत काय राहिलास? डोळे आहेत ना तुला? त्या सुधाकरला फोन लाव आधी, उद्या मशीन थांबवायला सांग. मी सगळं वाचल्याशिवाय एक पान छापायचं नाही!"

"लावतो," विद्याधर म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता. "लावतो ताई. तू वाच. सावकाश वाच."